तांबड्या कोनाचा रकाना

तुळजा नागू गावडा हिला कुठलीही गोष्ट विस्कटलेली बघवत नाही. लहानपणी रानातून करवंदं आणली की बाकीची पोरं द्रोण तोंडाला लावायची आणि ही बसायची काळी एकीकडे, तांबूस दुसरीकडे, हिरवी तिसरीकडे लावत. लावून होईपर्यंत काळी करवंदं दुसऱ्याच कुणाच्या पोटात गेलेली असत आणि हिच्या वाट्याला हिरवी उरत. तरीही खोड गेली नाही. घरातले विळे, मिरच्यांच्या माळा, अंथरुणं, सगळ्यांना तिनं जागा नेमून दिलेल्या होत्या आणि जागा चुकली की ती जन्मदात्या बापालाही सोडत नसे. नागू गावडा हा दिवसभर रानात वनखात्याच्या कामावर राबणारा आणि चार शब्दांच्या जागी एकावर भागवणारा माणूस. कोयता कोनाड्यात न ठेवता उंबऱ्यावर ठेवला म्हणून तो लेकीची बोलणी खायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

कुंभारवाड्याच्या पुढं रानात त्यांची वाडी. वाडी म्हणायची एवढंच. घरं अशी पांगलेली की एका घरचा धूर दुसऱ्या घराला दिसत नाही. फोनची रेंज येते ती फक्त उंचावरच्या सुशीलाआज्जीच्या ओसरीवर. त्यामुळं वाडीतले निम्मे फोन तिच्या खांबाला पिशव्यांतून टांगलेले असतात आणि कुणाचाही फोन वाजला तरी उचलते ती आज्जीच. कुणाच्या घरी काय चाललंय हे घरच्यांच्या आधी तिला कळतं ते असं. या वाडीतून रोज बस धरून, बस चुकली तर जीपमध्ये अंग चोरून, जोयड्याच्या कॉलेजात जाणारी आणि डिग्रीच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकलेली पहिली मुलगी म्हणजे आपली तुळजा.

कॉलेजात संगणक शिकवायला शिवानंद सर होते. धारवाडकडचे, बोलण्यात कानडी वळण, शिस्तीचे कडक. पहिल्याच तासाला त्यांनी पडद्यावर एक्सेलची शीट उघडली, वर्गातल्या मुलांची नावं तिच्यात आडवीतिडवी भरली आणि एक बटण दाबलं. सगळी नावं निमूटपणे ओळीत जाऊन उभी राहिली. बाकीच्या मुलांनी जांभया दिल्या. तुळजा मात्र बाकावरून अर्धी उठली. जगात आपल्यासारख्या स्वभावाचं आणखी कुणीतरी आहे, याचा आनंद तिला लपवता येईना.

त्या दिवसापासून तिला शीटचं वेडच लागलं. घरी संगणक कुठला, पण फोनवर शीट उघडायची. पहिली केली ती घरच्या कोंबड्यांची. पार्वतीची, म्हणजे तिच्या आईची, एक लाडकी तुरेवाली कोंबडी होती. घरात अंडं दिसलं की ते तिचंच, असं पार्वती सगळ्यांना सांगायची. तुळजानं महिनाभर लक्ष ठेवून रकाने भरले तेव्हा उघडं पडलं की तुरेवाली नुसतीच ओरडते, अंडी घालतात त्या दुसऱ्याच. त्या रविवारी घरात रस्सा झाला. पार्वतीनं दोन दिवस लेकीशी अबोला धरला, रस्सा मात्र सोडला नाही. मग वाडीत थट्टाच सुरू झाली. तुळजा फोन घेऊन येताना दिसली की बायका म्हणायच्या, कोंबड्या झाका गं.

शेवटच्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट दिलं. आपापल्या गावातली खरी माहिती गोळा करायची, शीटमध्ये मांडायची आणि गावाला आधी ठाऊक नव्हतं असं काहीतरी तिच्यातून शोधून काढायचं. प्रोजेक्टमध्ये पास झाल्याशिवाय पेपर सुटणार नव्हता. कुणी क्रिकेटचे स्कोर धरले. रामनगरच्या अक्षयनं आपल्या बापाच्या दुकानातली बिस्किटं धरली आणि ती मोजता मोजता खाल्लीही. तुळजानं धरलं वाडीतलं बियाणं. कुठल्या घरी कसलं बी आहे, हे एकाही माणसाला पुरतं ठाऊक नव्हतं आणि ही गोष्ट तिच्या डोक्यात कधीपासून खुपत होती.

त्यांच्याकडे बी विकत घेत नाहीत आणि विकतही नाहीत. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरून आणायचं, पिकलं की तिसऱ्याला द्यायचं. मुडली, कणगर, करांदे असले कंद, काकडी, दोडकी, सगळं असंच घरोघर फिरत आलेलं. त्यातच कोन. वेलाखाली जमिनीत हातभर लांब वाढणारा हा कंद; पांढरा कुठंही मिळतो, पण तांबडा फक्त याच बाजूचा. आतून गडद जांभळट, उकडला की पिठूळ आणि गोड. वाडीतला कुठलाही म्हातारा जेवणाचं कौतुक सांगायला बसला की तांबड्या कोनापाशी येऊन थांबतो आणि पुढं बोलतच नाही.

चाळीसेक घरं, नऊ बियाणी. तुळजा सगळे रविवार पायपीट करत राहिली. अंगणात उभी राहायची, विचारायची, मावशी, तांबड्या कोनाचं बी हाय? आतून आवाज यायचा, हाय गं. मुडलीचं? हाय. दोडक्याचं? हाय. ही तिथंच फोनवर भरून घ्यायची आणि पुढच्या घराला लागायची. शेवटी चाळीस ओळी आणि नऊ रकाने पूर्ण भरले. एकही चौकट मोकळी नाही. तिनं वरची ओळ ठळक केली, रकान्यांना रंग दिला आणि ती शीट मुलगी सजवावी तशी सजवून सरांपुढं नेली.

सरांनी शीट पडद्यावर लावली. थोडा वेळ वरखाली केली. मग फिल्टर लावून त्यांनी ‘न्हाई’ शोधलं. काहीच आलं नाही. सरांचा चेहरा बदलला.

“तुळजा, ह्याच्यात एक पण ‘न्हाई’ का नाही?”

“न्हाई म्हणून कुणी सांगितलंच न्हाई, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. माणसांची माहिती इतकी एकसारखी कधी नसते, असं ते म्हणाले. चाळीस घरांत कुणाचं काही कुजलं नाही, कुणाचं उंदरानं खाल्लं नाही, हे कसं? वरच्या चौकटीत एकदा शब्द लिहायचा, तिचा कोपरा धरायचा आणि खाली ओढत न्यायचं की सगळा रकाना भरतो, ही युक्ती मीच तुम्हाला शिकवली आहे, आणि गेल्या वर्षी एकानं घरी बसून नेमकं हेच केलं होतं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

तुळजाच्या कानशिलांवर रक्त चढलं. “मी ओढलं न्हाई, सर. घरोघर फिरलेय.”

सर म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत वेळ आहे. ही माहिती खरी आहे हे दाखव, नाहीतर प्रोजेक्टला शून्य.

बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. रडू येत नव्हतं, राग येत होता. पेपर राहिला तर डिग्री राहणार, हे होतंच. पण त्याहून झोंबत होतं ते दुसरं. तिच्या घरात माणसं शिकलेली नव्हती, पण नागू गावड्याच्या घरचा शब्द खोटा निघाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा म्हटलं गेलं ते तिच्यामुळं, आणि तेही भर वर्गात. शीटमधला शब्द न् शब्द तिनं कानांनी ऐकून भरलेला होता. मग चूक कुठं होती, ते तिला कळेना. आणि न कळणं तिला विस्कटलेल्या घरापेक्षाही सोसत नाही.

कळलं ते दुसऱ्याच दिवशी, चुलीपुढं. शेजारची रक्षावहिनी दारात आली आणि तिनं उन्हाळी दोडक्याचं बी मागितलं. पार्वती भाकरी थापता थापता म्हणाली, हाय की, रविवारी ने. वहिनी गेली. तुळजा आईकडं बघतच राहिली, कारण दोडक्याच्या बियाचं गाडगं उंदरांनी पाडून फस्त केलेलं तिनं स्वतः झाडलं होतं.

“आये, बी उंदरानं खाल्लं न्हवं?”

“व्हय.”

“मग हाय कसं म्हटलंस?”

पार्वतीनं लेकीकडं असं पाहिलं की एवढं शिकून हिला एवढंही कळू नये. “बियाला न्हाई म्हणू न्हये गं. न्हाई म्हटलं की घरातलं हाय ते बी उठून जातंय. आता रविवारच्या आत कुठनं तरी आणायचं आणि तिला द्यायचं.”

ही रीत तुळजाला नवी थोडीच होती. लहानपणापासून ती स्वतःही अशीच म्हणत आली होती. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट की विचारायला निघाली तेव्हा आठवलीसुद्धा नाही. बाहेरचा कुणी विचारत आला असता तर चार घरांनंतर तरी त्याला शंका आली असती. हिला आली नाही, कारण हिलाही ‘हाय’ हेच एकमेव उत्तर ठाऊक. आणि शीटची पहिली ओळ? ती तर तिच्याच घराची. तिथं तिनं आईला न विचारताच नऊच्या नऊ ‘हाय’ भरून टाकले होते. सरांनी ठेवलेला आरोप खोटा होता, पण त्यांना आलेली शंका खरी होती, हे तिला त्या क्षणी मान्य करावं लागलं आणि ते तिला मिरचीसारखं लागलं.

वाडीनं तिला फसवलं नव्हतं. ‘हाय’ म्हणणारी माणसं आपला शब्द खरा करायला दुसऱ्या दिवशीपासून पायपीट करतात, म्हणून तर या रानात बी टिकलं. पण शीटला ही रीत माहीत नव्हती. तिला जे सांगितलं ते तिनं धरलं.

तेव्हा तुळजानं कंबर कसली आणि कॉलेज बुडवून पुन्हा निघायचं ठरवलं. पण विचारायचं काय? सरळ दाखवा म्हणावं, असं तिनं जेवताना बोलून पाहिलं. नागूनं मान हलवली. “दृष्ट,” तो म्हणाला. त्याचा एक शब्द खर्च झाला, पण खरा होता. राखेत झाकून ठेवलेलं बी कुणी उघडून दाखवत नाही. तुळजा विचार करत राहिली. शेवटी तिला असा प्रश्न सापडला की ज्याला उत्तर देताना कुणालाही न्हाई म्हणावं लागणार नाही. हे बी तुम्ही कुणाकडनं आणलं? आणि कुणाला दिलं?

या दोन प्रश्नांनी वाडीची तोंडं उघडली. आधी अंगणातच ‘हाय’ म्हणून वाटेला लावणारी माणसं आता तिला बसवून घेऊ लागली. चहा झाला, पोहे झाले. दिलेलं सांगताना ज्याचा त्याचा आवाज मोठा व्हायचा आणि आणलेलं सांगताना देणाऱ्याचं नाव प्रेमानं निघायचं. सुशीलाआज्जीनं तर वाडीतलं निम्मं बियाणं आपल्या हातून गेल्याचं सांगितलं, आणि खांबावरचे तीन फोन मध्येच वाजले तरी तिनं ते उचलले नाहीत. तुळजा प्रत्येक बियाण्यापुढं दोन-दोन नावं भरत गेली. संध्याकाळी ओसरीवर बसून ती नावं लावून बघायची. याच्या देण्यात त्याचं नाव असेल तर त्याच्या आणण्यात याचं नाव असायला हवं, आणि ते असायचंही. इतकी जुळणारी माहिती बघून तिला हुरूप चढला.

तांबड्या कोनापाशी मात्र गाडी अडली. प्रत्येक घर सांगत होतं, आमचं मागं कुजलं, पण काळजी न्हाई, अमक्याकडं हाय, आणायचं म्हटलं की आणू. अमक्याकडं गेलं की तो तमक्याचं नाव सांगायचा. पार्वतीनं बोट दाखवलं सुशीलाआज्जीकडं. आज्जी खालच्या अंगाच्या लखूआबाचं नाव घेऊन मोकळी झाली. आणि लखूआबा तुळजाकडं बघून आश्चर्यानं म्हणाला, म्हणजे काय, तुझ्याच घरात हाय की पोरी, तुझ्या आयेकडं. तुळजानं ती नावं एकाखाली एक लावली. सगळी वाडी एकमेकांकडं बोट दाखवत गोल फिरत होती आणि त्या गोलात कोन नव्हताच. बरीच वर्षं नव्हता. सगळ्यांना वाटत होतं की दुसऱ्याकडं आहे, म्हणून कुणी शोधलाही नाही.

खरं तर तिचं काम इथं झालं होतं. गावाला ठाऊक नसलेलं काहीतरी शोधा, असं सरांनी सांगितलं होतं; यापेक्षा मोठं काय सापडणार? शीट नेऊन दाखवायची आणि मोकळं व्हायचं. पण त्या रकान्यात न्हाई लिहायला तिचं बोट वळेना. शिकली म्हणून काय झालं, वाडीचीच पोर ती. तिनं बराच वेळ चौकटीकडं बघितलं आणि मग लिहिलं, ‘आणायचं’. तेच पुढच्या घराला, तेच त्याच्या पुढच्या. लिहिता लिहिता तिला वाटलं, आणायचं लिहिलंय तर आणायला नको का? आईनं रक्षावहिनीला दोडक्याचं बी कबूल केलं होतं ते याच हिशेबानं.

पण आणायचं कुठून? आणण्याचा रकाना संपला होता, तेव्हा तिनं देण्याच्या रकान्यावर फिल्टर लावला. आता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. दिलेल्यांत काही नावं अशी होती की ती वाडीच्या घरांत कुठंच नव्हती. ती होती लग्न होऊन गेलेल्या लेकींची. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत माहेरचं बी बांधून देतात. तेवढं द्यायचं आणि विसरायचं. लेकीला दिलेलं वाडीच्या बियाण्यात कुणी धरत नाही. तुळजानं त्या नावांत ‘तांबडा कोन’ निवडला. सगळ्या शीटमधून एकच ओळ उरली. राखी, कॅसलरॉक. सुशीलाआज्जीची धाकटी लेक.

आज्जीला विचारलं तर ती म्हणाली, दिला होता खरा, आठवतंय की. पण तो आता तिचा. “लेकीला दिलेलं परत मागत्यात व्हय?”

“तू मागू नको आज्जी,” तुळजा म्हणाली. “मी मागते. माज्या घराला.”

शनिवारी नागूनं कामावर सांगून ठेवलं आणि लेकीबरोबर निघाला. जोयड्याहून रामनगर, तिथून तिनईघाट, आणि मग आगगाडी. झाडीतून गाडी चालली तेव्हा तुळजाला उगाचच वाटायला लागलं की आपण वेड्यासारखं निघालोय. एवढ्या वर्षांत राखीनं तो लावला असेल कशावरून? गाडी कॅसलरॉकला थांबली. राखीचा नवरा रेल्वेत रुळांच्या कामावर. स्टेशनाच्या मागं त्यांचं क्वार्टर. माहेरचं माणूस दारात बघून राखीला काय करू आणि काय नको असं झालं. चहा आला, वाडीतल्या प्रत्येकाची विचारपूस झाली, आणि मग तुळजानं जीव मुठीत धरून विचारलं की अक्का, तांबड्या कोनाचं बी मिळेल का?

“हाय की,” राखी म्हणाली.

या शब्दावर आता तुळजाचा भरवसा उरलेला नव्हता. ती राखीच्या तोंडाकडं बघत राहिली. राखी उठली, मागच्या पडवीत गेली आणि राखेनं भरलेली बुट्टी दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली. राखेत हात घालून तिनं एक कंद वर काढला आणि नखानं साल जरा खरवडली. आत जांभळा रंग.

राखी सांगत होती, माहेरचं बी म्हणून दरसाल न चुकता लावते, क्वार्टरच्या मागं एवढी एवढी जागा, पण लावते. आणि मग हळू आवाजात म्हणाली, “परत कुणी मागितलंच न्हाई गं माज्याकडं.” तिनं निम्मी बुट्टी रिकामी करून फडक्यात बांधून दिली, आणि देताना तिचा चेहरा असा उजळला की जणू मिळालं ते तिलाच.

परतीच्या गाडीत नागूनं ते गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसानं सहज विचारलं, काय घेतलंय. नागूनं सांगितलं, कोन. मग जरा थांबून, कुणी न विचारताच तो पुढं बोलला, “आमच्या गावातनं गेलेला. माज्या लेकीनं हुडकला, कॉम्प्युटरवर.” नागू गावड्याच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं तुळजानं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं. रविवारी पहिले कंद गेले सुशीलाआज्जीला, मग लखूआबाला, मग रक्षावहिनीला, आणि उरलेले पार्वतीनं आपल्या राखेत झाकले. ज्यांना कंद पोचले त्यांच्या ओळींत तुळजानं ‘आणायचं’ पुसून आणण्याच्या चौकटीत राखीचं नाव भरलं.

सोमवारी शीट पुन्हा पडद्यावर लागली. सरांनी पुन्हा फिल्टर लावला आणि ‘न्हाई’ शोधलं. पुन्हा काहीच आलं नाही. मागच्या बाकावर खसखस पिकली. सरांनी चष्मा काढून तुळजाकडं पाहिलं.

या वेळी ती डगमगली नाही. पुढं येऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. बियाला न्हाई का म्हणत नाहीत, पहिल्या खेपेला आपणच कसे चुकलो, आपल्या घरची ओळ कशी न विचारता भरली, मग प्रश्न कसा बदलला, वाडी गोल गोल कशी बोट दाखवत होती, आणि ‘आणायचं’ म्हणजे काय. सर ऐकत होते, पण शिस्तीचा माणूस. नुसत्या सांगण्यावर मार्क देणारा नव्हे. त्यांनी शीटवरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबवलं. सुशीला. हिचा फोन लागतो का, असं त्यांनी विचारलं. तुळजा म्हणाली, सर, वाडीत लागतो तर तिचाच लागतो.

सरांनी भर वर्गात फोन लावला आणि आवाज मोठा केला. आपल्या धारवाडी वळणानं त्यांनी विचारलं, आज्जी, तुमच्या घरात काकडीचं बी आहे का? हाय. दोडक्याचं? हाय. सरांनी जरा विचार केला आणि सफरचंदाचं विचारलं. आज्जी ठामपणे म्हणाली, हाय की, पावसाच्या आधी या. अख्खा वर्ग बाकांवर कोसळला. सरांनाही हसू आवरेना; त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि फोन तुळजाकडं सरकवला.

तुळजानं आपलं नाव सांगितलं आणि आपल्या पद्धतीनं विचारलं. आज्जी, काकडी कुणाकडनं आणलीस? आज्जीनं नाव घेतलं. सरांनी पडद्यावर पाहिलं. तेच नाव होतं. मुडली? तेच. कणगर? तेच. सर बोटानं ओळ धरून एकेक चौकट पुढं सरकत होते आणि वर्ग आता माना उंचावून बघत होता. पहिल्या दिवशी हसलेला अक्षयसुद्धा.

“आणि तांबडा कोन कुणाकडनं आणलास, आज्जी?”

“आता हे काय विचारतीस?” आज्जीचा आवाज वर्गभर घुमला. “तुज्याकडनं.”

सरांनी पडद्याकडं पाहिलं. तिथं नाव होतं, राखी, कॅसलरॉक. तुळजानं घाईघाईनं सांगायचा प्रयत्न केला की सर, कोन राखीअक्काचाच, मी नुसती गाठोडं घेऊन आले. आज्जी फोनवरून ऐकत होती. ती म्हणाली, राखीनं तुज्या घराला दिला, तू मला दिलास. पुढच्या साली मी रक्षाच्या भावजयीला देणार हाय, तेबी लिवून ठेव. आणि फोन ठेवला.

सर उठून उभे राहिले. मागच्या आठवड्यात आपण हिच्यावर नको तो आळ घेतला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग त्यांनी आपली खुर्ची मागं ओढली आणि तुळजाला तिच्यावर बसायला सांगितलं.

“पण एक चौकट चुकलीय,” सर म्हणाले. “दुरुस्त कर.”

तुळजा खुर्चीत बसली. सुशीलाआज्जीच्या ओळीत, तांबड्या कोनाच्या रकान्यात, तिनं राखीचं नाव पुसलं. मग कुंभारवाड्याकडच्या त्या वाडीत ज्यांच्या हातून बी गेलं त्या माणसांच्या नावांत तिनं आपलं नाव लिहिलं, तुळजा नागू गावडा, आणि खालच्या लखूआबाच्या ओळीकडं वळली.